आकडे बदलले

भोपाळ,
गुरुवार, ता. ११ सप्टेंबर १९५८

प्रिय शांताराम,

आशीर्वाद आधीच लिहून टाकते, कारण पत्र संपेपर्यंत ते द्यायची इच्छा उरेल याची मला खात्री नाही. तुझी तिन्ही पत्रं पोचली. नागपूरची जागा मनासारखी मिळाली, वर्षभराची उमेदवारी संपली की कायम करतील, महाल भागातली खोली हवेशीर आहे, खानावळीतलं वरण म्हणजे नुसतं पिवळं पाणी, सगळं वाचलं. आणि तिन्ही पत्रांच्या शेवटी एकच ओळ वाचली, 'भाऊजींचं ऑफिसात सगळं ठीक ना?' अरे, आठ महिने माझ्या घरात राहिलास, तेव्हा भाऊजी ऑफिसातून आले की गेले याचाही तुला पत्ता नसायचा. पहिल्या पत्रात ती ओळ वाचून मला वाटलं, पोरगा शहाणा झाला. कसला शहाणा आणि कसलं काय!

ठीक नाही, शांताराम. तुझे भाऊजी दहा जुलैपासून सस्पेंड आहेत. तुला कळवायचं नाही अशी मला यांनी शपथ घातली होती, ती आज मोडते आहे. सतरा वर्षं हा माणूस ओव्हरसियर म्हणून दुर्बीण आणि मोजपट्टी घेऊन रानोमाळ फिरला. यांनी घेतलेलं माप पुन्हा घ्यायला कुणी दुसरा माणूस पाठवला नाही. आणि आता आरोप काय, तर म्हणे सर्वेक्षणाचे आकडे बदलले! तलावाच्या बांधाची मापं मूळ वहीत एक आहेत आणि वर गेलेल्या साफ प्रतीत भलतीच. साफ प्रत वरच्या कचेरीत झाली, यांनी तिला हातही लावला नाही. पण वरच्या कचेरीला जाब विचारायची छाती कुणाची आहे? मग पुरावा शोधायला निघाले, आणि पुरावा सापडला कचेरीत ठेवलेल्या यांच्याच हातच्या डायरीत.

डायरीतली ती चार वाक्यं मला आता रामरक्षेसारखी पाठ झाली आहेत. 'जुने आकडे टिकणार नाहीत. म्हणून नवे आकडे घरी तयार केले. जुळत नव्हते, ठोकून जुळवले. साहेबांना कळवले नाही, कळवून उपयोग नव्हता.' आता बोल! ही वाक्यं जिल्ह्याच्या न्यायाधीशापुढे ठेवली तर तोही यांना चोर म्हणेल.

ते आकडे कोणते, हे तुला ठाऊक आहे. तरी सांगते. खरंच विसरला असशील तर आठवेल, आणि विसरल्याचं सोंग घेतलं असशील तर निदान लाज वाटेल.

आम्ही छप्पन सालच्या नोव्हेंबरात नागपूरची बिऱ्हाडं गुंडाळून इथे आलो. राजधानी हलली म्हणजे कारकुनांची भांडीकुंडीसुद्धा हलतात, हे मला तेव्हा कळलं. खात्याला लढाईच्या लिलावातली एक जीप मिळाली होती. ती मिळाली म्हणून सगळे खूश, पण इकडची काळी माती काय चीज आहे ते पहिल्या पावसाळ्यात कळलं. सीहोरच्या वाटेवर नाल्यात जीप रुतली. ओढून काढायला गावातले बैल आणले, पण दोर बांधायचा कुठे? त्या जीपला धड एक कडी नव्हती, आकडा नव्हता. मग दत्तूने, आमच्या ड्रायव्हरने, दोर पुढच्या बंपरला बांधला. बैलांनी जोर लावल्याबरोबर बंपर मुळासकट उपटून आला आणि दोराबरोबर उडून दत्तूच्या जबड्यावर बसला. तू आलास तोवर त्याची जखम भरली होती, म्हणून तुला त्याचं ते वाकडं बोलणं जन्मजात वाटलं. ते जन्मजात नव्हतं. तीन महिने तो माणूस पेजेवर जगला.

यांनी खात्याला तीनदा लिहिलं, की जीपला ओढायचे आकडे बसवून द्या. तिन्ही वेळा उत्तर आलं, मंजूर यादीत असा जिन्नस नाही. यादीत दत्तूचा जबडा तरी होता का रे? तेव्हापासून यांनी मनावर घेतलं. स्वतःच करायचे म्हणाले. रोज संध्याकाळी कचेरीतून आले की जीपखाली उताणे. माझ्या धुतलेल्या कपड्यांचं काय व्हायचं ते विचारू नकोस. मला समजावून सांगायचे, की बंपर म्हणजे नुसता दागिना, त्याच्यात जीव नसतो. गाडीची खरी हाडं म्हणजे खालच्या दोन लांब पट्ट्या. ओढ यायला हवी ती तिथे. मी म्हणायची, जेवून घ्या आधी, तुमच्याही हाडांना काही मिळू दे.

माझ्या शालूचा पुठ्ठ्याचा खोका कापून त्याचे नमुने केले, ते तुझ्यासमोर. तू पाटावर बसून पेन्सिलीने भोकांच्या जागा आखल्यास, आणि चारही पुठ्ठ्यांवर तुझ्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलंस, 'आकडा क्र. १', 'आकडा क्र. २', असं चारपर्यंत. यांना किती कौतुक वाटलं होतं तुझ्या अक्षराचं! ते पुठ्ठे घेऊन हे जहांगीराबादला रशीद मियाँ लोहाराकडे गेले. त्या बिचाऱ्याला मराठीचं एक अक्षर येत नाही. पुठ्ठा उलटासुलटा करून म्हणाला, अच्छा, बकरे का सींग चाहिए. मराठी न येणाऱ्याला आकडा म्हणजे काय ते कळलं, शांताराम. याबद्दल मी पुढे बोलणार आहे.

पहिली जोडी मोटारीच्या जुन्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पात्याची केली. कमानीचं पोलाद कडक, म्हणून हे खूश. चिंचेच्या झाडाला दोर बांधून ओढून बघितलं. दोर तुटलाच तर कुणाला लागू नये म्हणून त्याच्यावर माझी नवी गोधडी टाकली. मला न विचारता, अर्थात! आणि वाकवलेल्या जागी आकडा काड्‌कन मोडला. भट्टीत घालून वाकवलेलं कडक पोलाद बाहेरून धड दिसतं आणि आतून ठिसूळ होतं, हे रशीद मियाँने आधीच सांगितलं होतं, यांनी ऐकलं नव्हतं. दुसरा आकडा अजून शाबूत होता. पण हे म्हणाले, एक मोडला तो दुसऱ्याचा भाऊच, हा टिकणार नाही. तोही काढला. मग साध्या जाड लोखंडाचे नवे चार केले, दोन पुढे, दोन मागे. आतून पाठीला पट्टी, बोल्ट आरपार. दोराला धार लागून तो कापला जाऊ नये म्हणून प्रत्येक आकड्याच्या कडा कानशीने गोल केल्या. आठवडाभर आमच्या ओसरीत ती कानस करकरत होती आणि शेजारची कांचन कानात कापूस घालून निवडणं करत होती. बसवताना भोकं केसभर जुळेनात, तेव्हा हातोडीने ठोकून जुळवली. ठोकताना आकडा धरून कोण बसलं होतं? तू. अंगठ्याला लागलं म्हणून मी हळद लावली होती.

आणि जूनमध्ये पहिल्याच पावसात जीप पुन्हा रुतली, पुन्हा बैल आणले, आणि या वेळी गाडी सरळ बाहेर आली, आकडा तसूभर हलला नाही. दत्तू घरी येऊन माझ्या पायाच पडला. त्याला धड बोलता येत नाही आणि मी चिवड्याची बशी त्याच्यापुढे केली. आम्ही दोघंही नुसतं हसत होतो. तू पानावर बसला होतास. चिवडा जास्त तिखट झालाय असं म्हणालास.

आता जुलैची गोष्ट ऐक. आठ तारखेला चौकशी अधिकाऱ्याने यांना बोलावलं. हे गेले, तर कशासाठी बोलावलंय ते यांना कुणी नीट सांगितलंच नाही. समोर डायरी पडलेली. विचारलं, की ही डायरी तुमची? हे म्हणाले, माझी. मग विचारलं, की आँकड़े तुम्ही बदलले? यांना वाटलं, अखेर खात्याने दखल घेतली! छाती फुगवून म्हणाले, हो, मीच बदलले. कुणाच्या परवानगीने? परवानगी कुणाचीच नाही, तीनदा मागून मिळाली नाही म्हणून शेवटी घरीच केले. आधीच्यांत काय वाईट होतं? ते कच्चे होते, माणसाच्या जिवावर बेतलं असतं. म्हणजे तुम्हाला पश्चात्ताप नाही? यांनी काय सांगावं? पश्चात्ताप कसला, पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन! अधिकारी बघतच राहिला असेल. इतका निर्लज्ज गुन्हेगार त्याला जन्मात भेटला नसेल. कारकुनाने सगळं हिंदीत उतरवून घेतलं आणि यांनी हसत हसत सही केली. घरी येऊन मला म्हणाले, सुमित्रा, आज काहीतरी गोड कर. मी शिरा केला. त्या दिवसानंतर मी रव्याचा डबा उघडलेला नाही.

दोन दिवसांनी सस्पेंड केल्याचा हुकूम आला, आणि त्याच्याबरोबर जबानीची नक्कल आणि डायरीचं हिंदी भाषांतर. हे वाचत बसले. पहिल्यांदा कळेना, मग कळलं, आणि मग हा माणूस मोठ्याने हसला. म्हणाले, अगं, या लोकांनी माझ्या लोखंडी आकड्यांचे मापांचे आँकड़े केले! थांब, आत्ता जाऊन सांगतो. टोपी घातली, कागद घेतला, निघाले. दारापर्यंत गेले. तिथे उभ्या उभ्या शेवटचं पान पुन्हा बघितलं, आणि परत फिरले. टोपी खुंटीला अडकवली. म्हणाले, राहू दे, उद्या जाईन. ते उद्या काही आलं नाही.

मी भांड भांड भांडले. म्हटलं, जीप मोटारखान्यात उभी आहे, चार आकडे तिच्या अंगावर आहेत, चौकशीच्या खोलीपासून पाच मिनिटांची वाट. अधिकाऱ्याच्या हाताला धरून न्या आणि दाखवा. म्हटलं, दत्तूला घेऊन जा, त्याचा जबडा दाखवा. इकडे कॉलनीत आमच्याकडे बघून बायका पदर सावरून बाजूला होऊ लागल्या. पिपलानीकडे नव्या कारखान्याच्या कामावर आलेले आपल्याकडचे लोक गणपतीच्या वर्गणीला सगळ्यांच्या घरी गेले, आमचं एक घर तेवढं चुकलं. आणि ज्याच्यावर हे सगळं कोसळलं तो माणूस तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला! मला वाटायला लागलं, की यांनी खरंच तर काही केलं नसेल ना? हो, मला तसं वाटलं. नवऱ्याबद्दल असं वाटून घ्यावं लागलं, याचा राग मी कुणावर काढू?

पंधरा दिवसांपूर्वी हे देवळात गेले असताना मी ते भाषांतर काढून वाचलं. यांनी मला दाखवलं होतं, पण शेवटचं पान नेहमी आत दुमडून. मी घडी उलगडली. खाली तुझी सही होती. 'अनुवादक', आणि पुढे तुझी ती वळणदार सही, खाली फराटा.

मग सगळं आठवायला लागलं. जूनच्या शेवटी तू रोज कागदांचा गठ्ठा घरी आणायचास. जेवताना मान वर करत नव्हतास. भाऊजींच्या खात्याचे मराठी कागद हिंदीत करायचे आहेत, नागपूरला जायच्या आत साठ पानं उरकायची आहेत, म्हणालास. जुन्या प्रांतात मराठीत लिहिलेलं चालायचं, आता इथे सगळं हिंदीत लागतं, म्हणून तुझ्यासारख्यांना मागणी. मला अभिमान वाटला होता. रोज दुपारी तुला ताक नेऊन देत होते मी, तू त्या कागदांवर बसलेला असताना!

चूक झाली असेल, मान्य. घाईत वाक्यावर वाक्यं हाणत सुटलास, मराठीतला आकडा आला, त्याच्या डोक्यावर एक चंद्रबिंदू ठेवलास आणि पुढे गेलास. साठ पानं उरकताना कुणाचंही होईल. पण बाबा रे, ते अक्षर तुझ्या भाऊजींचं होतं! 'घरी तयार केले' हे लिहिताना कुठलं घर ते तुझ्या डोक्यात आलं नाही? 'ठोकून जुळवले' लिहिताना स्वतःचा अंगठा आठवला नाही? बरं, तेव्हा नसेल आठवलं. नंतर आठवलं, हे मात्र मला पक्कं ठाऊक आहे. नाहीतर भाऊजींचं ऑफिसात सगळं ठीक ना, हे तीन-तीनदा विचारायचं तुला कारण काय? तुला कळलं, तू घाबरलास, आणि कुठे काही झालंय का याचा वास घेत बसलास. झालं नसलं तर बरंच, आणि झालं असलं तर ताई सांगेलच! चूक जूनमधली होती, शांताराम. त्यानंतरचं सगळं चूक नाही. त्याला मी दुसरं नाव देते, ते इथे लिहीत नाही, कारण उद्या हे पत्र आईलाही कुणी वाचून दाखवेल.

आणि हे! यांना काय म्हणू? त्या रात्री मी सरळ विचारलं, तेव्हा म्हणाले, त्याची उमेदवारी चालू आहे, भाषांतर चुकलं असं कागदावर आलं तर तिथल्या तिथे घरी बसवतील. मी सतरा वर्षं नोकरी केली, एक पायरी खाली उतरलो तर मरणार नाही. पोरगा सुरुवातीलाच पडला तर पुन्हा उठायचा नाही. आणि तुझ्या आईला काय तोंड दाखवू? शांताराम, हा माणूस तुला वाचवण्यासाठी स्वतःला खोटारडा म्हणवून घ्यायला तयार झाला. सोमवारी, पंधरा तारखेला, शेवटची चौकशी आहे. गुन्हा कबूल केला तर खालच्या जागेवर घेऊ, नाहीतर फौजदारी करू, असं सांगितलंय. हे कबुलीवर सही करणार आहेत. मसुदा लिहून ठेवलाय, मी वाचला. 'मी सर्वेक्षणाचे आकडे बदलले, याबद्दल मला खेद आहे.' खेद! एका माणसाचा जबडा मोडला म्हणून ज्याने चार महिने लोखंडाशी झुंज घेतली, त्याला खेद! भलेपणालाही काही हद्द असते. हा भलेपणा मला नको आहे. नोकरी जाईल, येईल. पण आयुष्यभर लोकांनी या माणसाला मापात लबाडी करणारा म्हणावं, आणि ते त्याच्याच सहीने, हे मी जिवंत असेपर्यंत होणार नाही.

तर आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तुला विनवायला नाही. विनवण्याची वेळ आज सकाळी साडेदहाला टळली. हे बाजारात गेल्यावर मी कांचनला बरोबर घेतलं, तिचं हिंदी चांगलं आहे, आणि चौकशी अधिकाऱ्यापुढे जाऊन उभी राहिले. अर्ज दिला. त्यात लिहिलं, की आकडा म्हणजे जीप ओढायचा हूक, भाषांतर चुकीचं आहे, आणि भाषांतर करणाऱ्याला हे माहीत आहे, कारण ते आकडे बसवायला तो स्वतः हजर होता. खाली तुझं पूर्ण नाव आणि नागपूरचा पत्ता दिला. सोमवारी हजर राहा म्हणून शनिवारी तुला तार करणार आहेत. तुझ्या वरिष्ठांनाही कळेल. तुझी जागा जाईल की राहील मला माहीत नाही, आणि ते माहीत नसतानाच मी सही केली. यांना अजून सांगितलेलं नाही. हे कदाचित माझ्याशी बोलायचे नाहीत, आई तर नाहीच बोलणार. पण तुला हे तारेच्या कागदावरून, परक्याकडून कळू नये, तुझ्या बहिणीने तुझं नाव घेतलं हे तुझ्या बहिणीनेच तुला सांगावं, म्हणून लिहिलं. शनिवारची वाट बघू नकोस, पत्र मिळेल त्या गाडीने ये आणि आपल्या तोंडाने सांग. अर्जात साक्षीदाराशी नातं काय, असा एक रकाना होता. कांचन म्हणाली, तो कोरा ठेव, नातं कळलं तर अर्जाचं वजन कमी होईल. मी म्हटलं, लिही, सख्खा भाऊ. तिने शाईने लिहिलंय. ते खोडायची पाळी माझ्यावर आणू नकोस.

तुझीच, अजून तरी,
सुमित्राताई